कोकण किनाऱ्यावर घरचा हॅम अँटेना: मास्ट, ताण, खारी हवा आणि पावसाळा

सडेकर (धागाकर्ता)

हॅम रेडिओची (परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओची) परीक्षा आणि परवाना यांवर मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. परवाना हातात आल्यावर परड्यात अँटेना उभा कसा करायचा, तो टिकवायचा कसा, यावर कोकणाला धरून काहीच सापडत नाही. बाहेरच्या सल्ल्यात जांभा नसतो, खारं वारं नसतं, माडाची झावळी नसते आणि चार महिन्यांचा पाऊसही नसतो. म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते मापांसकट लिहा.

माझं मत आधी सांगतो. किनाऱ्यावर उंचीच्या मागे लागू नये. दोन-तीन माणसांना अर्ध्या तासात आडवा करता येईल असा ९ मीटरचा मास्ट (अँटेनाचा खांब) उभ्या गंजत राहणाऱ्या १५ मीटरच्या टॉवरपेक्षा जास्त उपयोगाचा.

उंची एवढीच का? ४० मीटर बँडची तरंगलांबी साधारण ४२ मीटर. डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन बाजूंची तार) जमिनीपासून ५ ते १० मीटरवर असला की बरीचशी ऊर्जा जवळजवळ सरळ वर जाते, आयनोस्फियरवरून परतते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात पसरते. रत्नागिरीहून पुणे, कोल्हापूर, नाशिक, गोवा गाठायला दिवसा हेच लागतं. मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे १४५ मेगाहर्ट्झवर घाटापलीकडे थेट बोलणं कठीणच. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. अशा वेळी ७ मेगाहर्ट्झवरचा बुटका डायपोल कामाला येतो. २० मीटर बँडवर लांबचे देश हवे असतील तर १० मीटर म्हणजे अर्धी तरंगलांबी झालीच, तीही पुरेशी.

आता वाऱ्याचा हिशेब. आयएस ८७५ भाग ३ मध्ये (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन. दीड इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. गोल पाइपचा गुणक १.२ धरला तर मीटरमागे ६७ न्यूटन. ९ मीटरवर एकूण ६०० न्यूटन, साठ-एकसष्ट किलोचा आडवा धक्का, आणि हा नुसत्या पाइपचा. तोच पाइप ताणाशिवाय, म्हणजे बाजूने ओढून धरणाऱ्या दोर-तारांशिवाय, उभा केला तर बुडाशी पोलादावरचा स्ट्रेस ५५० मेगापास्कलच्या वर जातो. बी क्लास पाइपचं पोलाद दोनशेच्या आसपास वाकायला लागतं. याच हिशेबाने ताणाशिवाय उभा राहू शकणारा दीड इंची पाइप साडेपाच मीटरला संपतो, आणि सुरक्षेसाठी चारच धरावा. त्यापुढे ताण दिलेच पाहिजेत.

दाभोळखाडी

सडेकर दादा, ९ मीटर म्हणजे दोन पाइप जोडावे लागणार. दुकानात लांबी ६ मीटरच मिळते. सॉकेट लावून जोडले तर चालतील का?

सडेकर

आटे पाडलेला सॉकेटचा जोड मास्टमध्ये कधीही नको. आटे पाडताना पाइपची निम्मी जाडी जाते आणि झिंकही जातं, त्यामुळे मोडतो तो तिथेच.

खाली २ इंची बी क्लास, पूर्ण ६ मीटर. वर दीड इंची, ४ मीटर. वरचा खालच्यात १ मीटर आत घाला, एकूण ९ मीटर होतात. बी क्लासची खूण निळी पट्टी. पिवळी पट्टी म्हणजे हलका ए क्लास, तो घेऊ नका. २ इंचीचा आतला व्यास ५३ मिमी आणि दीड इंचीचा बाहेरचा ४८.३, म्हणजे जवळजवळ ५ मिमी फट राहते. तशीच सोडली तर वाऱ्यात वरचा पाइप खडखडतो आणि बोल्टची भोकं लांबुडकी होतात. जोडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जीआय पत्र्याची पट्टी गुंडाळून फट भरा. मग १२ मिमीचे दोन आरपार बोल्ट, एकमेकांना काटकोनात. भोकाच्या कडांना जिंक-रिच पेंट लावून मगच बोल्ट घाला. वरच्या तोंडाला टोपी आणि अगदी बुडाला १० मिमीचं भोक, आत साचलेलं पाणी बाहेर पडायला.

असा मास्ट ४४-४५ किलोचा होतो.

मिऱ्यालाट

आडवा करण्याची रचना सविस्तर लिहितो. बहुतेक ठिकाणी गडबड तिथेच होते.

बुडाशी बिजागरी. ६०×६०×९० सेंमीचा खड्डा, १:१.५:३ काँक्रीट, वजन पावणेआठशे किलोच्या आसपास. त्यात १० मिमी जाडीच्या दोन उभ्या प्लेटी, मध्ये पाइप, आरपार २० मिमीचा पिन बोल्ट. प्लेटी जमिनीपासून किमान १५ सेंमी वर निघाल्या पाहिजेत, नाहीतर पालापाचोळा कुजून बिजागरी कायम ओली राहते. काँक्रीटचा माथा उतरता करा.

ताण चार द्या, तीन नकोत. चारातले दोन बिजागरीच्या पिनच्या रेषेत, मास्टच्या दोन्ही बाजूंना. हे दोन मास्ट खाली येताना तसेच ताणलेले राहतात आणि तो बाजूला लवंडत नाही. पण त्यासाठी या दोघांचे खुंट पिनच्या सरळ रेषेत आणि पिनच्याच पातळीवर हवेत. कोकणातलं परडं उताराचं असतं. एक खुंट वरच्या दळ्यात (वाफ्यात) आणि दुसरा खालच्या दळ्यात गेला की मास्ट अर्ध्यावर आला असताना एक ताण सैल पडतो आणि दुसरा तुटेपर्यंत खेचला जातो. उतार असेल तर खालच्या बाजूचा खुंट काँक्रीटच्या खांबावर उचलून घ्या. पाण्याच्या नळीने पातळी बघा, नजरेवर विसंबू नका.

उचलण्यासाठी बुडाशी ३ मीटरचा दुसरा पाइप मास्टला काटकोनात घट्ट बांधा. त्याच्या टोकापासून एक दोर मास्टच्या ६ मीटरवरच्या कडीला, आणि दुसरीकडून विंचेचा दोर. विंच बिजागरीपासून ५ मीटरवर. ओढ सगळ्यात जास्त लागते ती मास्ट जमिनीवरून सुटतानाच. वर बलून (डायपोल आणि केबल यांच्या जोडावरचा डबा), केबल वगैरे ५ किलो धरलं तर सुमारे ९० किलो. ५०० किलो क्षमतेची ब्रेकवाली हँड विंच घ्या. नुसत्या खटक्यावर चालणारी विंच उतरवताना हातातून सुटते. शेवटच्या दहा-पंधरा अंशांत मास्ट आपल्या वजनाने विंचेकडे झुकायला बघतो, म्हणून मागचा ताण एकाने आधीपासूनच धरून ठेवायचा.

मास्ट जिकडे पडतो तिकडे महावितरणची तार नको. कुठल्याही दिशेला मास्टच्या उंचीच्या दीडपट अंतरात तार नको. घराला येणारी सर्व्हिस वायरही तारच समजा.

पोफळबाग

मिऱ्यालाट, बरोबर सांगितलात. ताणाबद्दल भर घालते.

जोड दोन पातळ्यांवर द्या, ५ आणि ८.५ मीटरवर. खुंट बुडापासून ६ ते ७ मीटरवर. जवळ घेतले की ताण उभे होतात आणि पाइपवरचा खालचा दाब वाढतो.

दोर कसला? बाजारातला पिवळा-निळा प्लास्टिक दोर घेऊ नका, पॉलिप्रॉपिलीन उन्हाने पिठासारखं सुटतं. नायलॉन ओलं झालं की लांबतं. पॉलिएस्टरचा ६ मिमी, आतल्या पिळावर विणलेलं आवरण असलेला दोर हवा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवरच्या जाळी-दोरांच्या दुकानात तो मिळतो, मात्र पॉलिएस्टर असं स्पष्ट सांगूनच मागा. या दोरात अँटेनाशी रेझोनन्सचा (ठरावीक फ्रीक्वेन्सीला जुळण्याचा) प्रश्नच येत नाही. तारेचे ताण घेतलेत तर अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे इन्सुलेटर मध्ये घालून तुकडे पाडावे लागतात.

पण खालचे २ मीटर तारेचे किंवा साखळीचे ठेवा. एक तर गवत काढताना कोयता लागतो. दुसरं, शेजारच्या दळ्यात भाजावळ लागली की कृत्रिम दोर ज्वाळेला न टेकताही नुसत्या धगीने वितळतो. मार्च-एप्रिलमध्ये हे कोकणात कुठेही होऊ शकतं.

तारेच्या टोकाला थिंबल, मग तीन बुलडॉग क्लिप, दोन क्लिपांत तारेच्या व्यासाच्या सहापट अंतर. क्लिपचं खोगीर ताण घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट कापलेल्या शेपटीवर. उलटं बसवलं की यू-बोल्ट ताणाच्या तारेलाच चिमटा घेतो. टर्नबकल घट्ट केल्यावर तारेचा तुकडा दोन्ही कड्यांतून आणि मधल्या अंगातून घालून बांधा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडतो. ताण किती ओढायचा? तुटण्याच्या क्षमतेच्या दहा टक्के. तारेसारखा कडक ओढला तर वारा नसतानाही मास्ट दाबाखाली राहतो.

जांभाचिरा

खुंटांबद्दल. चिऱ्याच्या गडग्याला किंवा गच्चीच्या कठड्याला ताण बांधू नका. चिरा दाब उत्तम घेतो, ओढ अजिबात नाही. सांध्यातून अख्खा थर उचलला जातो. कौलारू घराच्या आढ्यालाही नको, पाखं हलली की कौलं सरकतात आणि पहिल्याच पावसात गळती.

कातळ असेल तर ६० सेंमी खोल, तळाशी थोडा रुंद खड्डा, त्यात १६ मिमी सळईचा आकडा आणि काँक्रीट. पुळणीत (वाळूत) नुसता काँक्रीटचा गोळा वर ओढला जातो. तिथे मीटरभर खोल आडवा ओंडका किंवा पाइप पुरून त्याला सळई बांधावी, वर दगड आणि माती थराथराने कुटून. सळई गंजते नेमकी जमिनीतून बाहेर पडते तिथे. वरून धड दिसते, बोटभर माती उकरली की पेन्सिलीएवढी राहिलेली असते. काँक्रीट जमिनीवर १५ सेंमी आणून सळई तिथूनच बाहेर काढा.

माडावरचावारा

मास्ट कशाला, माड आहेत की! दोन माडांत डायपोल बांधला तर काय बिघडतं?

पोफळबाग

बिघडत काही नाही, पण बांधायची पद्धत आहे. वाऱ्यात माडाचा शेंडा दोन्ही बाजूंना मीटर-मीटर झुलतो. दोन माडांमध्ये तार पक्की बांधली तर दोघं विरुद्ध झुलताना ती तुटणारच. एक टोक पक्कं, दुसरं कप्पीतून, आणि कप्पीच्या दोराला खाली ६ ते ८ किलोचं वजन. वाळू भरलेला प्लास्टिकचा कॅन चालतो. वजन जमिनीपासून दोन मीटर वर लटकतं ठेवा आणि त्याच्याखाली वाट नको. कप्पी शेंड्याजवळ नाही, झावळ्यांच्या किमान दोन मीटर खाली. तार माडापासून तीन मीटर लांब संपवून पुढे दोर, म्हणजे पडणारा नारळ आणि सुकी झावळी दोरावर पडेल, इन्सुलेटरवर नाही. खोडाला खिळे मारू नका. रुंद पट्टा लावा आणि पाडपवाला (नारळ पाडणारा) वर चढेल त्याच्या वाटेत तो येऊ देऊ नका.

तात्पुरत्या खांबाला माणगा बांबू चांगला. तो जवळजवळ भरीव असतो. तळाला १ मीटर मेणकापड आणि डांबर लावलं तरी दोन पावसाळ्यांपलीकडे भरवसा ठेवू नका.

खाडीपूल_वेंगुर्ला

आता तारेची मापं, म्हणजे धागा एका जागी राहील.

एकूण लांबी मीटरमध्ये = १४३ ÷ मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१ मीटर, प्रत्येक बाजू १०.०५. १४.१५ ला १०.१ मीटर. हे उघड्या तारेचं. प्लास्टिक आवरणाची तार दोन ते चार टक्के आखूड लागते, उलटा व्ही (मध्य उंच, टोकं खाली) केला तर आणखी थोडी. सुरुवातीला प्रत्येक बाजू ३० सेंमी जास्त कापा आणि टोक मागे दुमडून पिळा. दुमडून मोजता येतं, कापलेलं परत येत नाही. ४० मीटरला प्रत्येक बाजूला १० सेंमी कमी केले की रेझोनन्स ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. आपल्याकडे बँड ७.० ते ७.२, म्हणजे मध्य ७.१ ला आणला की दोन्ही टोकं सांभाळली जातात.

उलट्या व्हीचा माथ्याचा कोन ९० अंशांच्या खाली नको, ११०-१२० चांगला. टोकं जमिनीपासून तीन मीटर वर. शंभर वॉटवर डायपोलच्या टोकाला शेकडो व्होल्ट असतात, हात लागला तर भाजतं. गुरांच्या वाटेवर तर मुळीच नको.

मध्यावर १:१ चा करंट बलून. एफटी२४०-३१ फेराइट रिंगवर आरजी-३१६ किंवा आरजी-४०० केबलचे बारा वेढे. तो नसला की केबलची जाळी (आवरणाखालचं विणलेलं तांबं) स्वतःच अँटेना होते, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) केबलच्या लांबीबरोबर बदलतो आणि घरातल्या इन्व्हर्टरचा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो.

दाभोळखाडी

केबल आरजी-५८ घेऊ की आरजी-२१३? घरापासून मास्टपर्यंत ३० मीटर आहेत.

मिऱ्यालाट

७ मेगाहर्ट्झवर ३० मीटरला आरजी-५८ मध्ये सव्वा डीबीच्या (डेसिबेलच्या) आसपास आणि आरजी-२१३ मध्ये अर्धा-पाऊण डीबी जातो. कानाला फरक कळणार नाही. १४५ वर मात्र ३० मीटर आरजी-५८ सहा डीबी खातं, म्हणजे चारातले तीन भाग वॉट वाटेतच गेले. तिथे एलएमआर-४०० च्या दर्जाची केबल लागते, तीत दीड डीबी जातो. म्हणून एचएफला (७, १४ मेगाहर्ट्झ वगैरे) आरजी-५८ चालेल, व्हीएचएफला (१४५) नाही.

पण कोकणात केबलचा खरा शत्रू पाणी आहे, आणि तो एसडब्ल्यूआर मीटरला दिसत नाही, हे नीट समजून घ्या. जाळीत खारं पाणी शिरलं की केबलचा लॉस वाढतो. अँटेनाकडून परतणारी ऊर्जाही त्या लॉसमध्ये मुरते, त्यामुळे मीटर आधीपेक्षा छान एसडब्ल्यूआर दाखवतो. पूर्वी ७.० ला १.८ आणि ७.२ ला २ होता, आता सगळीकडे १.३ दिसतोय, तर खूश होऊ नका, केबल तपासा.

तपासायची रीत: वरचं टोक अँटेनापासून सोडवा आणि शॉर्ट करा. खाली नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र) लावून रिटर्न लॉस बघा, म्हणजे परत आलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डीबीने कमी आहे ते. त्याचा अर्धा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. ३० मीटर चांगल्या आरजी-२१३ ला ७ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस सव्वा डीबीच्या आत यावा, म्हणजे एसडब्ल्यूआर पंधराच्या आसपास किंवा वर. जर सहा डीबी आला, एसडब्ल्यूआर ३, तर अर्धी पॉवर केबलातच मरतेय. अशा केबलचं टोक सोलून बघा. जाळी तांबूस चकचकीत असायला हवी. काळी पडलेली किंवा हिरवी पूड असेल तर टोक कापून भागत नाही, पाणी जाळीतून मीटरच्या मीटर चढतं. पूर्ण केबल बदला.

खाडीपूल_वेंगुर्ला

सांध्याचं सीलिंग मग सांगूनच टाकते.

पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणीबंद नाही. बाहेरच्या सांध्याला एन कनेक्टर बरा, पण तोही गुंडाळायचाच. पहिला थर साधी पीव्हीसी टेप, चिकट बाजू बाहेर. म्हणजे पुढे उघडताना कनेक्टर चिकट राहत नाही. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप, निम्म्या रुंदीवर येईपर्यंत ओढून, अर्धा अर्धा वेढा चढवत, दोन थर. सगळ्यात वर काळी यूव्ही टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळा, कौलं लावतात तसा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. टेपचं शेवटचं टोक ओढून तोडू नका, कात्रीने कापा, ओढलेलं टोक महिन्याभरात सुटतं.

सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या, भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. बलूनच्या डब्याला तळाशी ३ मिमीचं भोक ठेवा, त्यावर बारीक जाळी. पूर्ण बंद डबा रात्री गार होऊन ओली हवा आत ओढतो. जाळी नसेल तर मुंग्या आणि गांधीलमाशा डबा भरून टाकतात.

जांभाचिरा

धातूंबद्दल दोन गोष्टी. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियम कधीही थेट एकमेकांना टेकवू नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते. मध्ये स्टेनलेस वॉशर किंवा बायमेटल लग, आणि अँटिऑक्सिडंट पेस्ट. स्टेनलेस ३०४ समुद्राजवळ तपकिरी डागाळतो, ३१६ मागा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट चढवताना अँटिसीझ लावा, नाहीतर नट मध्येच जॅम होतो आणि बोल्ट कापावा लागतो.

जीआयला रेड ऑक्साइड लावू नका, झिंकवर ते धरत नाही, पापुद्रे येतात आणि पापुद्र्याखाली ओल राहते. आधी एच (etch) प्रायमर, मग रंग. वेल्डिंग केलेल्या जागी जिंक-रिच पेंटचे दोन हात.

गोपुरवाडी

सडेकर, मास्टबद्दल सगळं पटलं, पण टॉवर सरसकट मोडीत काढू नये. २० आणि १५ मीटर बँडचा तीन एलिमेंट यागी (एका दिशेला रोखायचा, आडव्या नळ्यांचा अँटेना) आणि त्याला फिरवणारा रोटेटर ताणाच्या पाइपवर नीट बसत नाही. त्याला लॅटिस टॉवरच हवा. पण मग या अटी पाळा.

पूर्ण फॅब्रिकेशन, म्हणजे वेल्डिंग आणि भोकं झाल्यावरच हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग. पाइपच्या पायांना दोन्ही टोकांना भोकं ठेवायला फॅब्रिकेटरला सांगा. बंद पाइप झिंकच्या कढईत आतल्या वाफेने फुटतो. पाया आणि पायाचे बोल्ट स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून, वाऱ्याचा वेग आणि यागीचं क्षेत्रफळ लिहून देऊन. चढताना पूर्ण शरीराचा हार्नेस, दोन दोऱ्या, एक कायम टॉवरला. खालच्या माणसाला हेल्मेट. ताणाचा टॉवर असेल तर वर माणूस असताना एकही ताण सैल करायचा नाही, गंजलेला बदलायचा असला तरी आधी तात्पुरता ताण बांधून मगच जुना सोडायचा. पावसात ओल्या शेवाळलेल्या पायांवर चढू नये.

परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा, अर्ज सरल संचार पोर्टलवर. मास्टच्या उंचीसाठी सॅकफाची (मास्टच्या जागेला मंजुरी देणाऱ्या समितीची) बाजू तिथेच तपासा. चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) किंवा रत्नागिरी धावपट्टीच्या आसपास असाल तर पाया खणण्याआधी विमानतळाचा उंचीचा नकाशा बघा. आणि अगदी किनाऱ्यालगत सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) हद्द कुठे येते ते ग्रामपंचायतीत विचारा, तिथे पक्कं बांधकाम करू नका.

सडेकर

गोपुरवाडी, मान्य. यागी हवा असेल तर तुमच्या अटींशिवाय मार्ग नाही. माझा आग्रह आहे तो पहिल्या अँटेनाबद्दल.

अर्थिंगवर कुणी लिहिलं नाही. वळवाच्या विजा एप्रिल-मेमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये. नेमका एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा असतो आणि त्याचा रोध खूप जास्त. एक सळई ठोकून भागत नाही. तीन सळया, प्रत्येकी २ ते ३ मीटर, एकमेकींपासून लांबीच्या दुप्पट अंतरावर, २५×३ मिमी पट्टीने जोडलेल्या. कातळात सळई शिरत नाही, भोक पाडून बेंटोनाइट भरा. विहिरीजवळची किंवा न्हाणीच्या पाण्याची ओली जागा मिळाली तर उत्तम. मिठाचा खड्डा इथे नको, समुद्राजवळ जीआयला तो आणखी लवकर खातो.

सर्वांत महत्त्वाचं: अँटेनाचं अर्थ आणि घराच्या विजेचं अर्थ जोडलेलं असलं पाहिजे. वेगवेगळं ठेवलं तर वीज जवळपास पडल्यावर दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो मिटवायला करंट तुमच्या रेडिओतून जातो. केबल घरात शिरते तिथे बाहेर एक तांब्याची प्लेट, तिच्यावर गॅस ट्यूबचा अरेस्टर, आणि प्लेटपासून जाड, सरळ, वळणं न घेतलेला वाहक अर्थला. अरेस्टर थेट पडलेल्या विजेला पुरत नाही. म्हणून गडगडाट ऐकू यायच्या आत केबल घराबाहेरच सोडून ठेवायची. खोलीत सोडून टेबलावर ठेवलेलं टोक हे संरक्षण नव्हे.

फ्लॅटवासी_कुडाळ

गच्ची सोसायटीची, मास्ट लावू देत नाहीत. बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर, समोर आंबा. काही जमेल?

खाडीपूल_वेंगुर्ला

एंड-फेड हाफ वेव्ह. २० मीटर बारीक तार, बाल्कनीतून आंब्यापर्यंत. सुरुवातीला ४९:१ ट्रान्सफॉर्मर: एफटी२४०-४३, प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४, प्रायमरीवर १०० पिकोफॅरड हाय व्होल्टेज कपॅसिटर. ४०, २०, १५, १० चारही बँड मिळतात. केबलवर रेडिओच्या बाजूला चोक (जाळीवरचा नको तो करंट अडवणारा) हवाच. ट्रान्सफॉर्मरच्या तार जोडलेल्या टोकाला शंभर वॉटवर सुमारे ५०० व्होल्ट असतात, लोखंडी रेलिंगपासून हातभर लांब ठेवा, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर नको. सोसायटीत तार दिसायला नको असेल तर काळ्या आवरणाची घ्या.

१४५ साठी बाल्कनीतच क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन: उभी सळई ४९ सेंमी, खाली चार रेडियल ५२ सेंमीचे, ४५ अंश खाली झुकवलेले, म्हणजे इंपीडन्स ५० च्या जवळ येतो.

दाभोळखाडी

पावसाळ्यात मास्ट पूर्ण खाली ठेवायचा का? चार महिने बंद?

मिऱ्यालाट

बंद कशाला? मासेमारी बंदी १ जूनला लागते, त्याच्या आधी मास्ट आडवा करा, नारळी पौर्णिमेनंतर उभा करा. मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ येऊ शकतं, तौक्ते १६-१७ मे २०२१ ला कोकणासमोरून वर गेलं, म्हणून मे उजाडल्यावर रोज हवामान खात्याचा इशारा बघायचा आणि विंच तेल घालून तयार ठेवायची. दरम्यान तोच डायपोल पडवीच्या खांबापासून ४-५ मीटरवर आडवा बांधा. जमीन जवळ आल्याने रेझोनन्स थोडा खाली उतरतो, टोकं थोडी दुमडा. दिवसा पुणे-कोल्हापूर तसंच चालू राहतं.

मास्ट खाली असताना सगळी कामं उरका: सांधे उघडून बघा, पिन बोल्टला ग्रीस, दोर जोडाजवळ पिळून आतले धागे पांढरे पडलेत का ते, खुंटाच्या बुडाशी माती उकरून सळई. उलट फेब्रुवारी ते मे पाऊस नसतो तेव्हा इन्सुलेटरवर मिठाचा थर साचतो आणि सकाळच्या दवाने तो वाहक होतो. पहाटे एसडब्ल्यूआर उड्या मारतो आणि दहा वाजता नीट होतो, तर कारण हेच. मास्ट खाली घेऊन गोड्या पाण्याने धुवा.

माडावरचावारा

आमच्याकडे वानर तारेला लोंबकळतात. त्यावर उपाय?

पोफळबाग

वर लिहिलेली कप्पी आणि वजन हाच. वानर लटकलं की तार खाली येते, वजन वर जातं, ते उतरलं की सगळं परत जागेवर. मऊ तांब्याची तार मात्र प्रत्येक झोक्याला लांबते आणि रेझोनन्स खाली सरकतो, म्हणून हार्ड-ड्रॉन तांबं किंवा तांबं चढवलेली पोलादी तार घ्या. कप्पीच्या दोरात आणि इन्सुलेटरमध्ये हातभर बारीक, मुद्दाम कमजोर दोरी ठेवा. दोन वानरं एकदम आली तर ती तुटेल, तार आणि बलून वाचतील. त्या दोरीचे तीन-चार तुकडे गाठी मारून तयार ठेवा, आणि मध्यभागी बलूनवर केबलचं वजन येऊ देऊ नका, ते मास्टला वेगळं बांधा.